कुलूपबंद टेपा

दादावर मी त्याच्या सगळ्या स्टाफसमोर ओरडले आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

दादा डॉक्टर. स्कॅन सेंटर त्याचं, तिथले कॉम्प्युटर माझ्या गळ्यात. एकाच मोठ्या कॉम्प्युटर मशिनच्या पोटात पाच व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे जणू पाच वेगळे कॉम्प्युटर, चालायचे. मशिन गेलं की पाचही गेले. म्हणून मी हट्टाने टेप ड्राइव्ह घ्यायला लावला. रोज सगळ्याची नक्कल टेपवर उतरायची आणि टेप माझ्या घरच्या कपाटात यायची. "एकदा टेपवरून सगळं परत आणून बघू," असं मी वर्षभर त्याच्या कानीकपाळी ओरडत होते. "त्यासाठी सेंटर बंद ठेवू? तुझं आपलं काहीतरीच," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मग एसीचं पाणी थेट मशिनमध्ये गळलं. सगळ्या डिस्क गेल्या. त्यातच आईचा दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन होता. आता तिच्या फुप्फुसावर डाग दिसत होता आणि सर्जनने एवढंच विचारलं होतं, तो तेव्हाही होता का? असेल तर हात लावायचा नाही. नसेल तर ऑपरेशन. दुसऱ्या कुणाच्या आईला आम्ही सीडी आणि लेखी रिपोर्ट दिला असता. हिला दादाने "ठणठणीत आहेस" म्हणून तोंडी सांगितलं. सेंटर घरचं, सीडी कशाला!

मी मात्र निर्धास्त होते. नवीन मशिनवर टेप लावली. स्क्रीनने पासवर्ड मागितला.

"मी तर पासवर्ड टाकलाच नव्हता!"

दादा खाकरला. "मी टाकला होता. तू टेपा घरी नेतेस. कुणाच्या हाती लागल्या तर? पेशंटची माहिती असते गं."

"बरं, सांग."

"लांबलचक होता. पाठ कुठून असणार? फाइलमध्ये नीट ठेवलाय."

"कुठल्या मशिनवर?"

तो भिजलेल्या मशिनकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "अगं, त्या फाइलचाही बॅकअप असेल ना?"

"आहे की! ह्याच टेपवर आहे!"

मग माझा तोल गेला. "अक्कल गहाण टाकली होतीस का? मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर तुझी डॉक्टरकी कमी झाली असती?" रिसेप्शनवरची मुलगी फोन तसाच हातात धरून उभी होती. सॉफ्टवेअरवाल्यांनीही हात वर केले. जुना स्कॅन नाही म्हटल्यावर सर्जनने ऑपरेशनच ठरवलं.

"त्याला बोलू नकोस," ऑपरेशनला नेताना आई मला म्हणाली. "चांगल्यासाठीच केलं त्याने." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिची चादर नीट केली.

फुप्फुसाचा तुकडा काढला आणि डाग साधाच निघाला. सुटलो, असं दादा येईल त्याला हसत सांगतो. आई आता जिना चढताना मध्येच थांबते, कठडा धरून श्वास घेते. मी तिच्या मागे उभी असते, आणि माझ्या कपाटात तिचा स्कॅन धडधाकट पडून असतो.