भरतीच्या आधी तूप

परड्याची कवाडी ढकलून सानिका पेजे आत शिरली, तेव्हा मजीद टंडेल कोंबड्या झाकायच्या भल्यामोठ्या टोपल्यासमोर पाट टाकून बसला होता. टोपल्यावर जांभ्याचे दोन दगड ठेवलेले. खाकी कपडे दिसताच तो उठला. पण पळाला नाही की ओरडला नाही. त्यानं टोपल्यावर हात तेवढा ठेवला.

“हात काढा चाचा,” सानिका म्हणाली. “खाली काय आहे?”

“वाळू.”

“आणि वाळूत?”

मजीदनं वळून पडवीकडे पाहिलं. पडवीत त्याची बायको रहिमा दोन खोक्यांना सुतळी आवळत होती. तिनं गाठ दातांत धरून आणखी घट्ट केली.

“अंडी,” मजीद म्हणाला. “कासवाची. एकशे बारा. पण हात लावू नका हां मॅडम. पाया पडतो तुमच्या, आजच्या दिवस हात लावू नका.”

झालं! आरोपीनं पहिल्याच वाक्यात कबुली दिली, तीही मोजून. वन खात्यात सानिकाची नऊ वर्षं झाली होती. खवल्या मांजराचे खवले दडवणारे, घोरपडीचं मटण रांधणारे, सगळे आधी तासभर आईची शपथ घेतात. हा माणूस मात्र सरळ आकडाच सांगून मोकळा.

सकाळी कचेरीत फोन आला होता. बाईचा आवाज, तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा. ‘मजीद टंडेलाच्या परड्यात टोपल्याखाली कासवाची अंडी हायत. आज पंचावन्नावा दिवस. बेगीन या.’ एवढंच बोलून बाईनं फोन ठेवला. आंजर्ल्याच्या वाटेवर जीपमध्ये वनरक्षक ओमकार म्हणालाही होता, “मॅडम, कुणीतरी पिल्लू सोडलंय बघा. भावकीतली भांडणं असत्यात ही.” ओमकार कराडकडचा. समुद्र त्यानं नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पाहिला. सानिका तरी कुठली दर्यावर्दी? ती देवरूखची, डोंगरातली. किनारा तिला आठ महिन्यांपूर्वी बदलीच्या कागदानं दिला होता.

आता पंचनामा करायला हवा होता. पंच म्हणून शेजारचे आत्माराम आले. मजीदबरोबर एकाच जहाजावर वीस वर्षं काढलेले निवृत्त खलाशी. आल्या आल्या त्यांनी पाटाचा अर्धा भाग मागितला आणि बसले.

“मी सांगतो मॅडम तुम्हाला,” आत्माराम म्हणाले. “ह्याचं जुनं नाव अंडीवाला मजीद. पोरवयात अख्ख्या किनाऱ्यावरची घरटी उकरून बाजारात टोपली मांडायचा. विचारा!”

“तू पंच हायस का दुश्मन?” मजीद म्हणाला.

“खरं तेच सांगायचं असतं ना पंचनाम्यात?”

“खराच हाय,” मजीद सानिकाला म्हणाला. “खाल्ली, विकली. तेव्हा कायदाबियदा ठावूक नव्हता. मग बोटीवर गेलो. चाळीस वर्षांनी परत येऊन बघतो तर किनाऱ्यावर एक कासव येत नाय. मी विचारायचो, कुठं गेली सगळी? आता कोणाला विचारतोस रे, अंडीवाल्या?” हे बोलताना त्यानं टोपल्यावरची नसलेली धूळ झटकली.

सानिकानं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. किमान तीन वर्षं तुरुंग. पडवीतल्या खोक्यांवर काळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: फहाद, कुवेत. उघड्या खोक्यात आमसुलं, कुळथाचं पीठ आणि वर अगदी इवलंसं, पिवळं, हातानं विणलेलं टोपडं.

“कधी निघताय?” तिनं विचारलं.

“परवा,” रहिमा पडवीतूनच म्हणाली. “तीन महिन्यांची झाली आमची आयात. नात आमची. अजून फोनवरच बघतोय. एकदा तिकीट बदललान ह्यानी. का, तर अंडी फुटली नाय. पोरगा तिकडं कपाळावर हात मारून घेतो. लोक बायकोपायी अडतात, आईपायी अडतात. हा माणूस कासवापायी अडला!”

गुन्हा नोंदला की पासपोर्ट जमा. ते टोपडं बाळाला कधी होईल, की तोवर बाळच शाळेत जाईल, हे कोर्टाच्या तारखांवर. सानिकाला मजीदचा रागच आला. एवढी माया होती तर एक फोन करता येत नव्हता?

“चाचा, अंडी इथं आणलीतच का?”

“ह्या साली एक कासवीण आली, तिनं घातलीन अगदी पाण्यालगत. पुनवेचं पाणी चढणार होतं, सगळी कुजली असती. उचलताना एक अंडं उलटं केलं नाय मी. जशी होती तशी मांडली. बादल्या भरभरून तिथलीच वाळू आणली. हातभर खोल खड्डा, जसा तिनं केलान तसाच.”

“ते सगळं ठीक आहे. पण खात्याला कळवायचं होतं. कळवलं का नाही?”

“कळवलं नाय?” मजीद पाटावरून ताडकन उभा राहिला, आत्माराम दुसऱ्या टोकाला कलंडता कलंडता वाचले. “पहिल्या दिवशी सकाळी फोन केला! तुमच्याच हापिसात. तुमच्या माणसान सांगितलान, आम्हाला नको, तुमच्या घरीच ठेवा. वर झापलान पण. मग काय करू? ठेवली घरी.”

“शक्यच नाही. असं कोण सांगेल?”

“जवान आवाज होता. घाटावरचा.”

टेप धरून टोपल्याचा घेर मोजणारा ओमकार मोजता मोजता थांबला.

“चाचा,” त्यानं हळूच विचारलं, “तुम्ही फोनवर म्हणाला काय होता? शब्दाला शब्द सांगा.”

“काय म्हणणार? बोललो, मी मजीद. तूप आलंय. भरपूर हाय. जीप घेऊन या, पण भरतीच्या आधी काम झालं पायजे.”

फणसावरचा कावळा तेवढा बोलला.

“तूप?” सानिका म्हणाली.

“तूप म्हणजे तूप कासव. दुसरं काय? आमचे बापजादे तूपच बोलायचे. मोठं नाव घ्यायला वेळ कोणाला हाय?”

आत्मारामांनी मान डोलावली. “तूपच. हे काय विचारणं झालं?”

ओमकारचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. “मॅडम,” तो म्हणाला, “मला वाटलं, म्हशीचं.”

“आणि भरती?”

“मला वाटलं, वनरक्षक भरती. जानेवारीत आपली भरती चालू होती की! मला वाटलं, ह्यांचा पुतण्याबितण्या उभा असंल, म्हणून तूप देत्यात. तुम्हीच म्हणाला होता, कुणाकडनं काडीसुद्धा घ्यायची नाही. मी लई सुनावलं मॅडम ह्यांना.”

“सुनावलान तर!” मजीद म्हणाला. “बोलतो, लाज वाटत नाही का ह्या वयात? मला वाटलं, जुनं नाव कळलं असणार ह्याला. म्हणून मी परत फोन नाय केला.”

“वही,” सानिका म्हणाली. “वही आण.”

आलेला प्रत्येक फोन लिहायचा आणि ती वही जीपमध्येच ठेवायची, हा सानिकाचाच नियम. ओमकारनं वही आणली. भराभर पानं उलटली. २८ जानेवारी. सकाळी सात दहा. त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मजीद नावाचे गृहस्थ. भरतीच्या आधी भरपूर तूप देऊ केले. घरीच ठेवण्यास सांगितले. समज दिली.’

आणि त्याखाली लाल शाईत सानिकाची सही. सहीच्या शेजारी तिनंच दिलेला शेरा: ‘उत्तम.’

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग तिच्या घशातून कसलातरी आवाज आला. ओमकारला वाटलं, आता आपली बदली. पण मॅडम हसत होत्या. आधी ओठ दाबून, मग वही तोंडावर धरून, मग सरळ खाली वाळूत बसून. आत्मारामांना ‘समज दिली’ वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मजीदच्या पाठीत असा धपाटा मारला की म्हातारा खोकायला लागला. “म्हशीचं!” मजीद खोकता खोकता म्हणाला. “अरे येड्या, एकशे बारा म्हशींचं!” ओमकारसुद्धा हसला, रडवेला होऊन.

सानिकानं डोळे पुसले आणि पंचनाम्याचा कोरा कागद मांडीवर घेतला. आता तो लिहायला अवघड नव्हता. खरं तेच लिहायचं होतं. ‘सदर अंड्यांची माहिती संबंधित इसमाने त्याच दिवशी खात्यास दूरध्वनीवरून कळविली. खात्याच्या तोंडी सूचनेवरून अंडी घरी ठेवली. नोंदवहीची प्रत सोबत जोडली आहे.’

“मॅडम, साहेब मला सोडणार नाहीत,” ओमकार कुजबुजला.

“सही माझी आहे ना खाली? ओरडा मी खाते. तू टेप गुंडाळ.”

“गप!” मजीद एकदम म्हणाला. “गप बसा सगळे!”

त्यानं दगड बाजूला केले आणि टोपला उचलला. मधोमध वाळू बशीएवढी खचली होती. रहिमा सुतळी टाकून पडवीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. खचलेल्या जागी वाळूचा एक कण हलला, मग दहा हलले, आणि त्यातून अंगठ्याएवढं काळं डोकं वर आलं. त्यानं डोळे उघडले. समोर पोलीसखात्यासारखे कपडे घातलेली दोन माणसं बघूनही ते अजिबात घाबरलं नाही. मागून दुसऱ्यानं त्याला ढकललं, दुसऱ्याला तिसऱ्यानं, आणि मग खड्डाच उकळायला लागला.

“अगो बाई,” सानिका म्हणाली. वनपाल झाल्यापासून ती असं काही बोलली नव्हती.

टोपला उलटा केला, त्यात ओली वाळू पसरली आणि पिल्लं भरली. मजीद एकेक उचलून देत होता, आत्माराम मोठ्यानं मोजत होते. बत्तीसला ते अडले, कारण एक पिल्लू ओमकारच्या बुटावर चढलं होतं आणि ते मोजलं की नाही यावर वाद झाला. शेवटी एकशे चार भरली. आठ अंडी तशीच राहिली.

परड्यामागच्या सुरूच्या बनातून पुळणीवर पोचेपर्यंत सूर्य पाण्याला टेकत आला होता. ओहोटी सरली होती, पाणी चढायला अजून अवकाश होता. टोपला एका बाजूनं मजीदनं धरला, दुसऱ्या बाजूनं ओमकारनं. पाण्यापासून वीस पावलांवर त्यांनी तो कलता केला.

पिल्लं क्षणभर तशीच पडून राहिली. मग एकानं हातपाय मारले आणि निघालं सरळ पाण्याकडे, जणू रोजचा रस्ता. पाठोपाठ सगळी. पहिली लाट आली, तिनं चार उचलली आणि दोन परत आणून टाकली. ती दोन पुन्हा निघाली. मजीद त्यांच्यामागून वाकून चालत होता. मध्ये मध्ये टाळी वाजवून म्हणत होता, “चला, चला, चला!” त्याचे गाल ओले होते आणि तो ते पुसतही नव्हता. ओमकार पालथा पडून मोबाइलवर चित्रण करत होता. पाणी त्याच्या कोपरापर्यंत आलं तरी त्याला पत्ता नव्हता.

शेवटचं पिल्लू दिसेनासं झालं. मजीद गुडघाभर पाण्यात उभाच.

“झालं ना आता?” रहिमानं किनाऱ्यावरून हाक मारली. “बेगीन चला. खोकी बांधायची हायत.”

सानिकानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रहिमानं ओढणीचं टोक तोंडावर ओढलं आणि भलतीकडे, आंजर्ल्याच्या कड्याकडे, बघायला लागली.

सानिका तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. “चाची,” ती हळू आवाजात म्हणाली, “पंचावन्न दिवस कोण मोजत होतं?”

“दोघं,” रहिमा म्हणाली. “तो अंड्यांचे, मी नातीचे.” मग ओढणीआडून तिचे डोळे हसले. “परवाही हा टोपल्यासमोरून उठला नसता गो. मला वाटलं, खात्याच्या ताब्यात दिली अंडी, की सुटला माणूस. मला काय ठावूक, ती आजच फुटतील?”

“आणि मी त्यांना अटक केली असती म्हणजे?”

“एवढी वर्षं मी ठेवलाय ताब्यात,” रहिमा म्हणाली. “तू किती दिवस ठेवली असतीस?”

जीपजवळ येऊन ओमकारनं वही बॉनेटवर उघडली. त्याच्या शर्टातून पाणी गळत होतं. “मॅडम, सकाळचा फोन. माहिती देणाऱ्याचं नाव?”

“निनावी,” सानिका म्हणाली. “आण, खालची नोंद मी करते.”

तिनं लाल शाईचं पेन काढलं आणि सावकाश लिहिलं: ‘२३ मार्च. मजीद यांचे तूप मिळाले. एकूण एकशे चार. भरतीच्या आधी समुद्रात सोडले.’ खाली सही केली. मग पेन तसंच ओमकारच्या हातात दिलं आणि सहीशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

ओमकारनं तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. हात शर्टाला पुसले. शर्ट ओलाच होता. आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात त्यानं शेरा लिहिला: ‘उत्तम.’