खारूताईचा डोळा

धाकट्याच्या दुकानात सुई कमी आणि सूचना जास्त, असं त्याची गिऱ्हाइकंच म्हणत. मनगटावर नखाएवढं फूल गोंदवून घ्यायला आलेल्या माणसालाही आधी त्याचं पुराण ऐकावं लागे. जेवून आलात ना? उपाशीपोटी बसलात तर चक्कर येते. पिऊन आला असाल तर आल्या पावली परत जा, रक्त जास्त येतं आणि अक्कल कमी असते. घरी गेल्यावर कोमट पाण्यानं हलकेच धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही. मलम पातळ लावायचं, भिंतीला गिलावा केल्यासारखं नाही. खपली धरली की खाज सुटेल, तेव्हा वरून थोपटा, पण नख लावलंत तर चित्राला भोक पडेल आणि ते तुमच्याच कर्माचं असेल. पोहणं बंद, ऊन बंद. आणि चित्र तुमच्याबरोबरच म्हातारं होणार आहे, हे आत्ताच मनाशी धरा.

एका बाईनं तर त्याला तोंडावर सांगितलं होतं, "मला सासू नाही म्हणून सगळ्या मैत्रिणी माझा हेवा करतात. आज ती कसर भरून निघाली."

नाव धाकटा, पण कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. घरात शेंडेफळ म्हणून ते नाव पडलं आणि दुकानाच्या पाटीपर्यंत चिकटून आलं.

पुराणाचा शेवटचा अध्याय तिळाचा. "तीळ आला तर तो सोडून काढणार," तो बजावायचा. हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. तीळ बदलला तर दिसायला हवा, त्याच्यावर शाई ओतली की दिसणार कसा? "तिळाचं तोंड कधी बंद करायचं नाही," उस्ताद म्हणायचा. त्याच्या हाताखाली सुई धरायच्या आधी प्रत्येकाला हे वाक्य पाठ करावं लागायचं.

आणि हे सगळं ऐकून झाल्यावर गिऱ्हाईक हमखास समोरच्या भिंतीकडे बोट दाखवायचं. तिथं चौकटीत एका गोंदलेल्या खारीचा फोटो होता. उजव्या खांद्याच्या पात्यावर बसलेली, शेपूट पाठीवर फुलवलेली, पुढच्या पायांत दाणा धरलेली, आणि डोळा असा की आत्ता पापणी लवेल.

"हा डोळा म्हणजे तीळच वाटतो हो," कुणीतरी म्हणायचं.

"छे! शाई आहे," धाकटा म्हणायचा आणि हातमोजे चढवायला लागायचा.

तो तीळच होता. आणि ती पाठ त्याच्या ताईची होती.

दुकान नवीन होतं तेव्हा तो दिवसभर माशा मारत बसायचा. रस्त्यावरून जाणारे काचेतून आत बघत आणि पुढे जात. ताई मुलांना पोहायला शिकवायची. एके दिवशी तलावावरून सुटल्यावर ती ओल्या केसांनी तशीच दुकानात आली आणि खुर्चीत पालथी पडली. "काढ काहीतरी. माझी पाठ रोज शंभर आयाबाप बघतात. फुकटची जाहिरात."

आई कामावर जायची तेव्हा याच ताईनं धाकट्याचं नाक पुसलं होतं, भांग पाडला होता, शाळेतल्या दांडग्या पोरांशी भांडणं केली होती. ती पेन्सिलीपासून बटणांपर्यंत सगळं साठवून ठेवायची म्हणून तो तिला लहानपणी खारूताई म्हणून चिडवायचा. तेव्हा चित्र ठरायला वेळ लागला नाही. छाप उमटवायचा जांभळ्या रेघांचा कागद पाठीवर ठेवला आणि त्याला दिसलं की बोटभर वर सरकवला तर खारीचा डोळा बरोब्बर तिळावर येतो.

ताईनं विचारलं होतं. हे त्याला पुढे कधीच विसरता आलं नाही. "तिथं माझा तीळ आहे ना रे? चालतो त्याच्यावर?"

"चालतो गं," तो म्हणाला होता.

तीळ खाऊन व्रत मोडलं म्हणतात ते हेच. उस्तादाचं वाक्य त्याला आठवलं नव्हतं असं नाही. चांगलं आठवलं होतं. पण डोळा इतका सुरेख बसत होता की त्यानं आठवणीकडे पाठ फिरवली. फिकट तपकिरी ठिपक्यावर त्यानं काळी शाई भरली, कडेला एक पांढरा कण सोडला आणि खार जिवंत झाली. त्या फोटोनं दुकान चालायला लागलं.

ताईसारखं गिऱ्हाईक मात्र पुन्हा मिळालं नाही. त्यानं सांगितलेला शब्द न् शब्द तिनं पाळला. पाठ बरी होईपर्यंत ती पाण्यात उतरली नाही, काठावर बसून शिट्टी वाजवत मुलांना शिकवत राहिली आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. रात्री कुशीवर झोपली. खाज सुटली की भावोजींना थोपटायला लावायची. "नख नको हं," ती ओरडायची, "माझा भाऊ मला मारेल."

आता मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ताईच्या घराची किल्ली द्यायला धाकटा तलावावर गेला होता. ती काठावर वाकून एका मुलीचे हात सरळ करत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. त्याची नजर सवयीनं आपल्या कामावर गेली आणि अडखळली. डोळा मोठा वाटत होता. गालाच्या बाजूला थोडा ओघळल्यासारखा.

शाई पसरते, त्यानं स्वतःला सांगितलं. हे खोटंही नव्हतं. जुन्या चित्राच्या रेघा फुगतात, कडा मऊ होतात, हे तोच तर गिऱ्हाइकांना सांगायचा. पण मग शेपटीच्या रेघा का फुगल्या नव्हत्या? हा प्रश्न त्याला तिथंच पडला होता आणि त्यानं तो तिथंच पाण्यात बुडवला. कारण तोंड उघडायचं तर 'चालतो गं'पासून सगळं सांगावं लागणार होतं. त्यानं किल्ली दिली, दोन थट्टेचे शब्द बोलला आणि घरी आला. त्यानंतर ताईकडे गेला की तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसायचा, म्हणजे तिची पाठ दिसायची नाही.

उन्हाळा गेला, थंडी आली आणि गेली. मग एका दुपारी ताईच दुकानात आली. "अरे, खारूताई फिकी पडलीय. जरा रंग चढव. तुझे भावोजी म्हणतात डोळा तेवढा अजून नव्यासारखा काळाभोर आहे."

ती खुर्चीत पालथी झाली. धाकट्यानं भिंगाचा दिवा ओढला. डोळा काळाभोर होता खरा, पण एका कडेला निळसर, एका कडेला तपकिरी. बोटाखाली उंचवटा लागत होता. पांढरा कण कुठेच नव्हता. ज्यानं डोळा काढला होता त्यालाच कळेल असं ते होतं. बाकी जगाला ते चित्रच वाटणार होतं.

त्यानं यंत्राचं बटण बंद केलं. हातमोजे काढून ठेवले.

"काय झालं?"

"ताई, हा तुझा तीळ आहे. तो वाढलाय. आपण उद्याच डॉक्टरकडे जाऊ."

"वाढलाय म्हणजे?"

"जाऊ ना. मी येतो बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हा आधीपासून एवढाच होता का?"

ताई हसली. "मला विचारून काय उपयोग? माझी पाठ मी कधी बघितलीय? या चित्रकाराला विचारा."

धाकट्यानं भिंतीवरचा फोटो चौकटीसकट आणला होता. तो त्यानं टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी एकदा फोटोकडे, एकदा पाठीकडे बघितलं. त्यांचा आवाज आता सपाट झाला. "बदल कधी लक्षात आला?"

"काल," धाकटा म्हणाला. "दुकानात."

त्या लिहायला लागल्या. ताईनं मागे हात नेऊन त्याचा हात थोपटला. "याचं लक्ष होतं म्हणून. नाहीतर माझ्या पाठीवर घर बांधलं असतं तरी मला कळलं नसतं."

त्यापेक्षा कुणी कानफटात मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"ते खोडा डॉक्टर," तो म्हणाला. "काल नाही. मागच्या उन्हाळ्यात. तलावावर. मला दिसलं होतं. मी बोललो नाही. आणि तिळावर शाई घालायची नसते, हे मला चित्र काढतानाही माहीत होतं."

ताईचा हात त्याच्या हातावरच राहिला, पण थोपटायचा थांबला. मग तिनं तो काढून घेतला आणि ब्लाउजची बटणं लावायला लागली. एक बटण चुकीच्या काजात गेलं, तिनं ते परत काढून नीट लावलं.

"शाईमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण शाईनं झाकलं, हे नक्की."

तुकडा काढून तपासला. कर्करोगच निघाला. मग मोठी शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या एका गाठीपर्यंत तो पोचला होता आणि पुढचे उपचार लांबणार होते. मागच्या उन्हाळ्यात आलो असतो तर? हे धाकट्यानंच विचारलं. "बहुतेक थोडक्यात भागलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही." खात्री नाही या दोन शब्दांचा आधार घ्यायचा त्यानं बराच प्रयत्न केला. तो आधार उभा राहिना.

ताई बोलायची, पण खिडकी लाव, पाणी दे, एवढंच. रागावली असती, तोंडाला येईल ते बोलली असती, तर त्याला जागा तरी सापडली असती उभं राहायला. जखम बघितली की भावोजींना भोवळ यायची, म्हणून पट्टी बदलायला धाकटाच रोज संध्याकाळी जायचा. बरी होणारी कातडी हाताळायची सवय घरात त्यालाच होती.

दुकानातली चौकट त्यानं पुन्हा लावली नाही. भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. गिऱ्हाइकं विचारत, खार कुठे गेली? तो तिळाचा अध्याय अर्ध्यावरच सोडून देई.

एका संध्याकाळी ताई खाटेच्या कडेला पाठ करून बसली होती. त्यानं जुनी पट्टी ओली करून सोडवली. खारीचं डोकं राहिलं नव्हतं. शेपूट होती, दाणा धरलेले पाय होते आणि वर टाक्यांची लांब लाल रेघ होती. त्यानं जखम टिपली. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो नेहमीचं बोलायला लागला. "ओलं होऊ देऊ नकोस. खाज सुटेल, पण नख लावायचं नाही. कुशीवर..."

"झोपायचं," ताई म्हणाली. "माहीत आहे मला. ऊन नाही, पाणी नाही, नख नाही. तू सांगितलेलं सगळं पाळलं मी तेव्हा. एकूण एक." तिचा आवाज चढला नव्हता. "तुला एकच पाळायचं होतं रे, धाकट्या."

त्याचा हात मलमाच्या डबीवर थांबला. त्याला माफी मागायची होती, पण तो शब्द तोंडात इतका हलका वाटला की तो बाहेर काढायची त्याला लाज वाटली.

खाली गल्लीत कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. ताईनं मान पुढे झुकवली आणि मानेवरचे केस हातानं बाजूला धरले, म्हणजे त्याला जखम नीट दिसेल.

"लाव," ती म्हणाली. "पातळ लाव."