पट्टा संपायच्या आधी

सिंगापूरमधल्या आमच्या गल्लीतल्या बैठ्या घरांचा भाडेपट्टा साठ वर्षांचा होता. साठ संपली की घर सरकारजमा, भरपाई नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा पंचेचाळीस उरली होती, म्हणून कुणी विचारच केला नाही. तीस उरल्यावर बँका कर्ज देईनात, त्यामुळे घर विकताही येईना. दहा उरली तेव्हा छप्पर गळू लागलं. मी पत्रा बदलला नाही, खाली बादली ठेवली.

माझी बायको स्वी लिआन मात्र दर नव्या वर्षाला दार रंगवायची. मी म्हणायचो, "कुणासाठी रंगवतेस?"

"तुमच्यासाठी नाही. तुम्ही बादली बघत बसा."

तिच्या शेवटच्या आजारपणात सरकारचं पत्र आलं. घर कधी रिकामं करायचं ते त्यात होतं. पत्र इंग्रजीत होतं आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, "पट्टा वाढवलाय. अजून नव्व्याण्णव वर्षं."

तिने पत्र मागून घेतलं, बराच वेळ हातात धरलं. "म्हणजे मला कुठे जायला नको," म्हणाली. दोन महिन्यांनी ती गेली.

आता घर सोडायला तीन दिवस उरले होते. आमची मुलगी खोकी घेऊन आली, पेक हून तिचं नाव. सगळं बांधून झालं, राहिला फक्त देव्हारा. आम्हा चिनी लोकांत घर बदलताना मेलेल्या माणसाला नवा पत्ता सांगावा लागतो आणि दोन नाणी टाकून विचारावं लागतं, येणार का. एक छाप, एक काटा पडला तर हो. होकार मिळाल्याशिवाय देव्हाऱ्यातलं उदबत्तीचं भांडं हलवायचं नाही.

मी पत्ता सांगितला. अकरावा मजला, म्हाताऱ्यांसाठीचा छोटा फ्लॅट, तीस वर्षांचा पट्टा. नाणी टाकली. दोन्ही काटे.

पुन्हा टाकली. दोन्ही काटे. नऊ वेळा तेच.

"पा, नाणी बदला," पेक हून म्हणाली. "आईला ही आवडत नसतील."

मला हसू आलं नाही. नाणी गार झाली होती, भर दुपारी, पंखाही बंद असताना. मी गुडघे टेकले आणि लेकीसमोरच कबूल केलं. "लिआन, मी खोटं बोललो. पट्टा वाढला नाही. घर जाणार आहे. तू इथेच राहिलीस तर भिंतींबरोबर तुलाही पाडतील."

नाणी टाकली. दोन्ही काटे.

पेक हूनने देव्हाऱ्याच्या खणातून ते पत्र काढलं. "पा, हे पाहा."

घर रिकामं करायच्या तारखेभोवती पेन्सिलचा गोल होता, भाजीच्या भावाभोवती ती काढायची तसा. स्वी लिआन तीस वर्षं बाजारात भाजी विकत होती. अक्षरं येत नसली तरी आकडे तिला माझ्याहून चांगले यायचे.

मी प्रश्न बदलला. "तू इथे नाहीसच का? पुढे गेलीस?"

एक छाप. एक काटा.

किल्ल्या देऊन आम्ही नव्या घरी गेलो. पेटती उदबत्ती आणि भांडं माझ्या हातात होतं. फ्लॅट कोरा होता, आमच्या आधी त्यात कुणी राहिलेलं नव्हतं. फरशीवर सिमेंटची पांढरी धूळ होती.

पेक हूनने दार उघडलं आणि तिथेच थांबली.

धुळीत अनवाणी पावलं उमटली होती, लहान, बाईची. उजवं पाऊल नीट होतं. डाव्याच्या जागी नुसती ओढलेली रेघ होती. शेवटच्या वर्षी स्वी लिआन तशीच चालायची, डावा पाय ओढत.

"मजूर असतील," पेक हून म्हणाली.

"अनवाणी?"

पावलं स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी जाऊन वळली होती, आणि पूर्वेच्या भिंतीपाशी संपली होती. परत फिरलेलं एकही नव्हतं.

देव्हारा कुठे लावायचा यावरून आठवडाभर आमचं बापलेकीचं भांडण चाललं होतं. मी चपला बाहेर काढल्या, धुळीला धक्का न लावता कडेकडेने गेलो, आणि भांडं त्या भिंतीशी ठेवलं.