कर्नलची मान

रिओच्या रेडिओवर सोळा वर्षं अन्सेल्मो किरीनो दर शुक्रवारी चिडखोर कर्नल व्हायचा. माइकपासून चार बोटांवर तोंड, हातात कागद, वाचून झालेलं पान आवाज न करता खाली सोडायचं; एवढ्यावर त्याने लोकांना पोट धरून हसवलं होतं. आता कर्नल टेलिव्हिजनवर येणार होता आणि अन्सेल्मोची मान ऐकत नव्हती.

इथे माइक डोक्यावर, लांब दांडीला टांगलेला. बोलायची पाळी दुसऱ्या नटाची आली की दांडी तिकडे सरके, आणि अन्सेल्मोचं तोंड तिच्या मागोमाग जाई. कॅमेऱ्यात उरे तो एक कान.

मंगळवारपासून दिग्दर्शक डेसिओ तेच सांगत होता. आधी समजावून, मग हात जोडून. गुरुवारी त्याने स्पष्टच सांगितलं : शनिवारी थेट प्रक्षेपणात मान वळली, तर पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर दुसरा धिप्पाड नट उभा राहील आणि अन्सेल्मो आडून आवाज देईल.

"माझ्या कर्नलला दुसऱ्याचं थोबाड लावणार?"

"अहो, तुमचंच दाखवायला मरतोय मी. तुम्ही ते छताला दाखवताय."

घरी बायको जसिरा झाडूच्या टोकाला डाव बांधून त्याच्या डोक्यावर फिरवत राहिली, अगदी शनिवारी दुपारी फेजोआदा जेवतानासुद्धा. तिचे हात भरून आले. मान होती तशीच.

प्रक्षेपणात पहिले तीन संवाद बरे गेले. मग कर्नलच्या बायकोचं काम करणाऱ्या योलांदाची पाळी आली, दांडी सरकली आणि मान निघाली. मानेमागून खांदे, खांद्यांमागून पाय. योलांदा मुरलेली नटी. तिने टाय धरून त्याला जागेवर ओढला आणि बोलणं चालू ठेवलं. दांडी हलली, तो पुन्हा निघाला. सभागृहातले प्रेक्षक खुर्च्यांवरून घसरायचे तेवढे बाकी होते.

प्रक्षेपण संपताच डेसिओने त्याला मिठीच मारली. कर्नल त्याचाच, फक्त दर शनिवारी हेच करायचं.

"आणि माझं बोलणं? तो खोकला, तो मध्येच घेतलेला अर्धा श्वास? सोळा वर्षं घातलीत मी त्यात."

"ते ऐकू कुणाला आलं? हशात बुडालं सगळं."

सोमवारच्या तालमीत दांडी सरकली. अन्सेल्मोने मान वळवली. पण ती वळवल्यासारखी दिसत होती. कुणी हसलं नाही. सातव्या खेपेला दांडीवाल्यालाही जांभई आली.

"अहो, मुद्दाम नका वळवू," डेसिओ दात आवळून म्हणाला. "आपोआप वळू द्या."

"आपोआप वळत होती तेव्हा तूच बोंबलत होतास," अन्सेल्मो म्हणाला, आणि आठव्यांदा जागेवर जाऊन उभा राहिला.