एक चिंचोका कमी

मी एक जुने मापटे आहे, पितळेचे, धान्य मोजायचे. माझ्यात अर्धा शेर मावतो, आणि मित्रांनो, अर्धा म्हणजे अर्धाच. काठाला पोचा आला आहे, बुडाला डाग दिलेला आहे, पण माप चोख आहे. तेवढा एक गर्व मला आहे आणि तो मी लपवत नाही.

तांबटाचे ठोके खाऊन मला आकार आला आणि मी ग्वाल्हेरच्या दाल बाजारात जगदेवरावांच्या डाळीच्या दुकानी आले. जगदेवराव डाळ मोजताना 'एक' असे कधी म्हणत नसत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचे, मग दोन, मग तीन. मोजणे म्हणजे त्यांना पूजाच वाटे. गिऱ्हाइके म्हणायची, "रावांच्या मापाला खोट नाही." ते ऐकून मी लखलखायचे. खरे तर सकाळी चिंचेने घासलेले असायचे म्हणून, पण कौतुकाचाही त्यात वाटा होताच.

पुढे किलो आले, तराजू आला, आणि मग लाल आकडे दाखवणारा विजेचा काटा आला. मी फळीवर गेले. जगदेवरावांचा नातू संग्रामसिंह माझ्यात शाई संपलेली पेने, रबरबँड आणि कुठल्या तरी कुलपाची किल्ली ठेवू लागला. जन्मभर मोजणाऱ्याच्या पोटात अडगळ भरावी, याहून मोठा अपमान कोणता?

एके दिवशी शिमशोन वाकरूळकर नावाचे आजोबा मसूर घ्यायला आले. ते ज्यू, बेने इस्रायल समाजाचे. घराणे मूळचे कोकणातले आणि मराठी अस्सल. रेल्वेतून निवृत्त होऊन इंदरगंजच्या मागे दोन खोल्यांत एकटेच राहत. पत्नी वारली होती, मुलगी श्रुती इस्रायलमध्ये संसार थाटून बसली होती. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि मसूर बाजूलाच राहिली.

"हे मापटं ना? मला द्याल?"

"घेऊन जा ना, अंकल," संग्रामसिंह म्हणाला. "इधर तो पडाच आहे."

घरी नेऊन त्यांनी मला घासले, खिडकीत ठेवले आणि माझे बारसे केले. ओमेर! हे नाव का, ते मला त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळले. ओमेर हे फार जुने धान्याचे माप. पूर्वी त्यांच्या लोकांत नव्या जवाचे एवढे एक माप देवाला वाहत, आणि तिथून शाबुओत या सणापर्यंत एकोणपन्नास दिवस मोजत. त्या मोजणीलाही ओमेरच म्हणतात. पेसाख सणाच्या दुसऱ्या संध्याकाळी मोजणी सुरू होते. रोज सूर्य मावळला की उभे राहायचे, बराखा म्हणजे आशीर्वादाचे शब्द म्हणायचे, आणि आज कितवा दिवस ते मोठ्याने सांगायचे. गंमत म्हणजे श्रुतीचा मुलगा याच दिवसांत जन्मला होता, म्हणून त्याचेही नाव ओमेर. सहा वर्षांचा. मोजणी ओमेर, नातू ओमेर आणि मी ओमेर! एवढ्या मोठ्या गोतावळ्यात मी आजवर कधी नव्हते.

आजोबा रोज मोजून झाले की माझ्यात एक चिंचोका टाकत आणि नातवाला फोन लावत. तिकडे छोटा ओमेर तितक्याच मनुका खाऊन दाखवी.

"आजोबा, माझ्या पोटात वीस!"

"माझ्या ओमेरच्या पोटात एकवीस. इथे सूर्य बुडाला, तुझ्याकडे अजून वर आहे."

"मग मी पण एकवीस खातो!"

"नाही रे बाळा. आधी तुझा सूर्य बुडू दे."

पण त्या वर्षीची मोजणी नुसती गंमत नव्हती. हिवाळ्यात आजोबा गॅसवर दूध ठेवून फिरायला गेले होते. भांडे जळून कोळसा झाले. खालच्या मजल्यावरच्या मंदाताईंना वास आला म्हणून घर वाचले. तेव्हापासून श्रुतीने धोशा लावला होता, "बाबा, तुम्ही विसरता. इकडे या." आजोबांना ग्वाल्हेर सोडायचे नव्हते. पत्नीची कबर इथे होती, मंदाताईंचा चहा इथे होता आणि भांडायला ओळखीचे भाजीवाले इथे होते. शेवटी बापलेकीत पैज लागली. आजोबांनी एकोणपन्नास दिवस एकही न चुकता मोजले तर ते इथेच राहतील. एक जरी चुकला, तर श्रुती त्यांचे तिकीट काढील.

आता एक चमत्कारिक रीत ऐका. सूर्य बुडाल्यावर, मोजणीच्या आधी कुणी "आज कितवा दिवस?" असे विचारले, तर आकडा सांगायचा नाही. सांगितला तर ती मोजणीच झाली, तीही बराखेविना! म्हणून "काल इतके होते" असे सांगायचे. मंदाताईंना याची फार मजा वाटे. त्या मुद्दाम विचारत.

मे महिना होता. ग्वाल्हेरचा मे म्हणजे काय, ते मला विचारा, उन्हात पितळेला हात लावून बघा. त्या संध्याकाळी मंदाताई वर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आज कितवा दिन?"

"काल बत्तीस होते," आजोबा हसून म्हणाले आणि उभे राहायला काठी घेतली. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. मंदाताईंनी त्यांना हात धरून सज्ज्यात नेले, चहा दिला, विंझणवारा घातला. लाइट येईपर्यंत गप्पा रंगल्या. मग आजोबा आत आले आणि समाधानाने झोपले. बत्तीस हा आकडा तोंडून गेला होता ना, त्यावरून मोजणी झाली अशीच त्यांची समजूत झाली. मी खिडकीत बसून बघत होते. माझ्या पोटात बत्तीसच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदाताई पोळ्या घेऊन आल्या. आजोबा आत डुलकी घेत होते. मंदाताईंना काही शंका आली असावी. त्यांनी माझ्यातले चिंचोके ओंजळीत घेऊन मोजले. आतल्या खोलीकडे नजर टाकली. मग हळूच शेजारच्या चिंचोक्यांच्या डब्यातला एक उचलून माझ्यात टाकला आणि चपला हातात घेऊन निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्या पोटात किडके, ओले, खडेवाले धान्य खूप वेळा पडले असेल, पण खोटा दाणा पडला तो त्या दिवशी. मला तोंड असते तर मी ओरडले असते. संध्याकाळी आजोबांनी मोजून पाहिले, तेहेतीस. निःशंक मनाने त्यांनी बराखा म्हटली आणि चौतिसावा टाकला.

असे आठ दिवस गेले. एक्केचाळिसाव्या संध्याकाळी मोजून झाल्यावर फोन लागला. मंदाताई कैरीचे पन्हे घेऊन बसल्या होत्या.

"आजोबा, मी विसरलो तर?" छोट्या ओमेरने विचारले.

"दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आठवलं, तर बराखेशिवाय नुसतं मोजायचं. साखळी तुटत नाही. रात्री पुन्हा बराखा म्हणून पुढे चालू."

"आणि तेव्हा पण नाही आठवलं तर?"

"तर मग तुटली. पुढे मोजायचं, पण बराखा नाही म्हणायची."

फोन बंद झाला. मंदाताईंच्या हातातला पेला तसाच राहिला होता.

"भाऊ, माझ्याकडून मोठी गलती झाली," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी लाइट गेली होती नं, तुम्ही मोजलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या द्यायला आली तर बत्तीसच होते. मी एक टाकून दिला. मला लागलं, श्रुती तुम्हाला घेऊन जाईल. जागवलं असतं तर..." त्यांनी पदराने डोळे पुसले. "सूरज बुडायला चार घंटे बाकी होते, भाऊ."

आजोबांनी मला खिडकीतून उचलून घेतले. मग म्हणाले, "मंदाताई, विसरलो मी. तुम्ही फक्त माझ्यावर पांघरूण घातलंत. रडू नका, पन्हं सांडेल."

त्यांनी मला पालथे केले, एक चिंचोका वेगळा काढून मंदाताईंच्या हातावर ठेवला आणि पुन्हा फोन लावला.

"श्रुती, मी हरलो गं."

सगळे ऐकून श्रुती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंसुद्धा नसतं."

"मला कळलं होतं ना."

 "मी विचार करून सांगते," एवढेच ती म्हणाली.

त्यानंतर बराखा छोट्या ओमेरने उचलली. ज्याला म्हणता येत नाही त्याने दुसऱ्याची ऐकून आमेन म्हणावे, अशी सोय त्यांच्यात आहे. पण त्याचा सूर्य बुडायचा तेव्हा इथे दहा वाजून जायचे. आठ वाजता झोपणारे आजोबा तोंडावर पाणी मारून जागे राहत. खालून मंदाताई हाक देत, "भाऊ, जागे आहा नं?" तिकडून बोबडी बराखा यायची, आजोबा आमेन म्हणायचे, दिवस मोजायचे आणि चिंचोका माझ्यात पडायचा. एकही दिवस चुकला नाही.

एकोणपन्नासाव्या रात्री श्रुती फोनवर आली. आजोबांनी मला तिच्यासमोर धरले.

"अठ्ठेचाळीस आहेत. एक कमी आहे. पेटी भरायला काढू का?"

"नको," ती म्हणाली.  "गॅस बंद केला का, असं मी रोज विचारीन आणि तुम्ही खरं सांगाल, एवढं आता मला ठाऊक आहे. मी तिकीट काढलंय बाबा. पण माझं आणि ओमेरचं. सुट्टीत येतोय."

 आजोबांनी मला छातीशी धरले. पोचा आला त्या बाजूने, पण मी काही म्हटले नाही.

मित्रांनो, मी अजून त्याच खिडकीत आहे, अठ्ठेचाळीस चिंचोक्यांसह. मंदाताई रोज फडक्याने मला पुसतात आणि त्या रिकाम्या जागेकडे बघतात. कधी वाटते, सांगावे त्यांना, अहो, पुरे आता. तुमच्याही घरात कुणी म्हातारे माणूस असेल. ते काहीतरी विसरेल. त्याचा दिवस गुपचूप भरून टाकू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा आणि सांगा. फक्त सूर्य मावळायच्या आत सांगा.