निळ्या झग्याची बटणं

शाळा सुटली होती. बाईंनी निळा झगा उलटा करून मांडीवर घेतला आणि बगलेपासून खाली कच्चे टाके घालायला सुरुवात केली.

येशूजन्माच्या नाटकातली पात्रं उद्या ठरायची होती. म्हणजे मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या लेखी उद्या. बाईंच्या लेखी ती मोठ्या बाईंच्या खोलीत, चहा पिता पिता, कधीच ठरून गेली होती. रंगमंचाचा नवा पडदा डॉक्टरांनी दिला होता, आणि डॉक्टरांना एक मुलगी होती. काडीसारखी. मोठ्या बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. पडदा छान आहे, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाल्या.

नाटकाचा सगळा हिशेब बाईंना पाठ होता. राजाला दाढी मिळते, म्हणून त्याच्या घरचे अगदी मावशीपर्यंत सगळे पाहायला येतात. देवदूताच्या आईला पंख कधीच पसंत पडत नाहीत. मेंढ्या हव्या तितक्या वाढवता येतात. मेंढी वाढली की खुर्च्या भरतात आणि कोणी रुसत नाही. भांडण होतं ते मरियेवरून, येशूच्या आईवरून. त्यावर बाईंनी फार पूर्वी तोड काढली होती. मरिया निवडायचीच नाही. सगळ्या मुलींनी ओळीने मरियेचा निळा झगा घालून पाहायचा. जिची मागची बटणं लागतील ती मरिया. झग्याशी कोण भांडणार? आया निमूट घरी जात. फक्त आदल्या संध्याकाळी झगा थोडा आत घ्यावा लागे, नाहीतर थोडा सोडावा लागे.

दोरा संपला. सुई पुन्हा ओवायला घेतली, तर नवा दोरा काही नेढ्यात जाईना.

"द्या इकडे."

दारात मेंढीची आई होती. दुकानातला गल्ला सोडून मुलीला न्यायला यायला तिला रोजच उशीर व्हायचा. मुलगी नाटकात पहिल्यापासून मेंढी, आणि कापसाचे कान दरवर्षी घरी नेऊन धुऊन आणायचं काम आईचं. तीही याच शाळेतली, बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

झगा लपवायची वेळ निघून गेली होती. तिने सुई ओवली, गाठ मारली, आणि मग तिचं लक्ष त्या लांब लांब पांढऱ्या टाक्यांकडे गेलं. त्यांवरून तिने एक बोट फिरवलं.

"दरवर्षी?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"माझ्या वेळी पण?"

"तुझ्या वेळी पण."

बाहेर व्हरांड्यात मेंढी एका पायावर उड्या मारत होती. आई समोरच्या खुर्चीत बसली. तिच्या वर्षी खालची दोन बटणं लागली नव्हती. वर्गाने तिचं नाव भोपळा ठेवलं, आणि मैत्रिणींनी ते इतकं जपलं, की लग्नातही नवऱ्याच्या कानावर आधी तेच पडलं.

"म्हणजे मी जाडी नव्हते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. घरभर शोधलेली किल्ली पर्समध्येच सापडावी, तशी म्हणाली.

बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, की उद्याचं सगळं वरून ठरलंय, आपल्या हातात काही नसतं. हेच त्या इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आल्या होत्या, झग्याच्या तोंडून.

"हवं तर तिला मरिया करू नका," आई म्हणाली. "मेंढी होईल ती, तिला सवय आहे. पण झगा बसत नाही म्हणून नको, बाई. आठवडाभर अर्ध्या ताटावरून उठतेय."

कान पिशवीत टाकून ती गेली. बाईंनी उरलेले टाके घातले नाहीत, घातलेले उसवलेही नाहीत. थकवा आला होता.

दुसऱ्या दिवशी मुली ओळीने उभ्या राहिल्या, सगळ्यांची पोटं आत ओढलेली. मोठ्या बाई कडेला हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. बाई रिकाम्या हातांनी आल्या.

"पोटं सोडा गं," त्या म्हणाल्या. "आज झगा नाही."

जी मरिया होईल तिच्या मापाने तो नंतर बेतू, असं त्यांनी सांगितलं. मरिया डॉक्टरांची मुलगी होईल.

"मी ठरवलंय."

मोठ्या बाईंचं हसू तसंच राहिलं, जरा शिळं झालं इतकंच. ओळ आता मोडायला हवी होती, पण ती मोडेना. टोकाला मेंढी उभी होती, धुतलेले कान हातात घेऊन. ती रडली नाही की रुसली नाही. ठाऊक नसलेलं विचारावं, तसं तिने विचारलं.

"का, बाई?"

झग्याला हे कधी कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई पडद्याकडे पाहत होत्या.