पुठ्ठा कुणी लिहिला

शिवदासला हक्कांचं भारी वेड. कुणाकडे जेवायला गेला तरी वरणभात येईपर्यंत दोन-चार कलमं सांगून व्हायची. सिंगापुरात टॅम्पिनीसच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जमणारी पोरं हसायची, पण अडचण आली की फोन त्यालाच लावायची.

संविधान दिनाच्या आसपासच्या रविवारी ही मंडळी सायकली चालवायला पुलाउ उबीन बेटावर गेली. झाडाखाली उद्देशिका वाचून झाल्यावर शिवदासने पिशवीतून पुठ्ठा काढला. गावाकडे मारल्या गेलेल्या एका मुलीसाठी ‘न्याय द्या’ असं त्याने घरूनच ठसठशीत लिहून आणलं होतं. प्रीतम सगळ्यांत उंच, म्हणून पुठ्ठा त्याच्या हातात दिला आणि फोटो स्वतः काढला. इथे विनापरवाना एकट्याने फलक धरला तरी गुन्हा होतो, हे शिवदासला पक्कं ठाऊक होतं. “इथे रानडुकरांशिवाय बघतंय कोण?” म्हणाला. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात. इथे बुडाला दुसराच.

कुणीतरी फोटो इंटरनेटवर टाकला आणि दोघांना पोलिसांचं बोलावणं आलं. शिवदास आधी पाया लेबारच्या एका वकीलबाईंकडे जाऊन आला. खोटं बोलायचं नाही, स्वतःच्या अंगाशी येईल ते सांगायची सक्ती नाही, जबाब वाचल्याशिवाय सही करायची नाही, असं त्यांनी नीट समजावलं.

“पुठ्ठा कुणी लिहिला?” अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं.

“याचं उत्तर मी देणार नाही,” शिवदास म्हणाला. अधिकाऱ्याने तसंच लिहून घेतलं. जबाबात बोटीची वेळ चुकली होती, ती शिवदासने दुरुस्त करून घेतली आणि सही केली. सगळं नियमाप्रमाणे झालं. परतताना एमआरटीच्या मेट्रोत बसल्यावर त्याला चक्क स्वतःचं कौतुक वाटलं.

“सांगितलंस?” घरी दीप्तीने दारातच विचारलं.

“सक्ती नव्हती.”

“सक्ती नव्हती रे. पण मनाई होती का?” एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून नवरा-बायकोत कामापुरतंच बोलणं उरलं.

तिकडे प्रीतमने पुठ्ठा माझाच, असं सांगून टाकलं होतं. विद्यापीठातलं त्याचं संशोधन वर्षभरात संपायचं होतं. महिन्याभरात त्याचा इथे राहण्याचा पास रद्द झाल्याचं पत्र आलं. शिवदासच्या वाटेला कुणी गेलं नाही.

“दादा, दोघं जाण्यापेक्षा एक गेलेला बरा,” प्रीतम बॅग भरताना म्हणाला. शिवदासला वाटलं, याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. “फक्त आईला तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकते.”

शिवदासने फोन लावला. बेबीमावशींनी सगळं निमूट ऐकून घेतलं. रडल्या नाहीत.

“शिवदासभाऊ, तुम्ही होता म्हणून मला त्याचा घोर नव्हता,” त्या म्हणाल्या. “माझं लेकरू असल्या भानगडीत पडणारं नाही हो. त्याच्या हातात तो पुठ्ठा दिला कुणी?”

समोर प्रीतम मान हलवून नको नको म्हणत होता. शिवदासने त्याच्याकडे पाठ फिरवली.

“मीच दिला, मावशी. लिहिलाही मीच.”

मावशींनी तिकडून विचारलं,

“मग तुम्ही कसे काय राहिलात तिथं?”